अष्टमीला कोणी आलं नाही

"दिवसातून किती वेळा येतात अंगातून वाफा?" मुजावर मॅडमनी विचारलं.

मी बोटांवर मोजायला लागले. आंघोळीनंतर एक. शाळेत प्रार्थनेच्या वेळी एक. डबा खाताना एक, ती ठरलेलीच. "दहा-बारा असतील," मी म्हटलं. "रात्रीच्या धरल्या तर जास्त."

"रात्री त्यानं किती वेळा जाग येते?"

"जाग यायला आधी झोप लागायला हवी ना."

त्या हसल्या नाहीत, मान खाली घालून कागदावर लिहीत राहिल्या. तेवढ्यानंच माझे डोळे भरून आले. सात वर्षं मी हे ज्याला ज्याला सांगितलं, तो हसला होता किंवा 'वयानं होतं' म्हणाला होता. कोणी लिहून घेतलं नव्हतं.

"चारचौघांत असताना आली तर त्रास होतो?"

"होतो," मी म्हटलं. वर्षातून एकदा, आश्विनातल्या अष्टमीला, यातलीच एक वाफ आली की बायका माझ्या पाया पडतात, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार?

मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची होते. सांगलीत मुलींच्या एका शाळेत लायब्ररी सांभाळायचे, रिटायर व्हायला एक वर्ष राहिलं होतं. मुजावर मॅडम मिरजेच्या, बायकांच्या डॉक्टर. आमच्या शाळेत मुलींची तपासणी करायला आल्या होत्या. मुली संपल्या, तरी मी रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसूनच राहिले, उठायचं त्राणच नव्हतं. त्या सकाळी मला आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचं नाव आठवलं नव्हतं. नऊ वर्षं रोज बघते त्या बाईंना. मॅडमनी सामान आवरता आवरता विचारलं, "तुमचं काय?" आणि मी बोलायला लागले ती थांबेचना. म्हणाल्या, दवाखान्यात या.

आता त्या अष्टमीचं सांगते. आमच्या चित्पावनांत आश्विन शुद्ध अष्टमीला महालक्ष्मी बसवतात. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करायचा, साडी नेसवून उभी करायची. सकाळी नव्या लग्नाच्या मुली पुजून जातात, आणि दिवेलागणीला बायका देवीपुढे घागरी फुंकतात. रिकामी घागर उदाच्या धुरावर धरायची, मग तोंडाशी नेऊन फुंकर घालत तालावर नाचायचं. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात येतं. मग तिला कुंकू लावतात, ओटी भरतात, आणि मनातला प्रश्न विचारतात.

आमच्याकडे हे सगळं मालूवन्सं बघायच्या. माझ्या थोरल्या नणंद. मंगल कार्यालय ठरवण्यापासून मुखवट्याचे डोळे रेखण्यापर्यंत सगळं त्यांचं. माझी पाळी गेली त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी घागर माझ्या हातात दिली. चार फुंकरा घातल्या असतील नसतील, छातीतून वर काहीतरी सरसरत आलं. कान तापले, तोंड लालबुंद, घामानं पाठ भिजली, हातातली घागर थडथड उडायला लागली. ते काय होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वन्सं ओरडल्या, "आली गं बाई, आली." पुढचं मला नीट आठवत नाही. कपाळावर कुंकवाचा मळवट, पायांवर डोकी. कोणीतरी विचारत होतं, मुलीचं लग्न जमेल का. मला श्वास पुरत नव्हता, बाजूला व्हा म्हणायचं होतं. "जमेल," मी म्हटलं, सुटका व्हावी म्हणून. मार्गशीर्षात त्या मुलीचं लग्न झालं.

झालं. तेव्हापासून दरवर्षी घागर माझ्याच हातात. वाफ काय, दिवसाला दहा-बारा येणारी. त्या धुरात, गर्दीत, जरीची साडी नेसून फुंकरा घातल्यावर ती न येऊन सांगते कुणाला? मी नाटक करत नव्हते, हे देवाशपथ सांगते. थरथर खरी होती, घाम खरा होता. आणि दोन वर्षं तरी मलाही वाटलं होतं की असेल बाई, आपल्याला काय कळतंय.

पण तिसऱ्या वर्षापासून कुमुद यायला लागली.

कुमुद बेहेरे. आमच्याच गल्लीतली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, पण आमचं अगंतुगंच. तिचा एकुलता एक मुलगा सुजय. वडिलांशी कडाक्याचं भांडण करून घराबाहेर पडला. इंदूरहून एक पत्र आलं, 'मी ठीक आहे, शोधू नका.' पुढे काहीच नाही. कुमुद नारळ घेऊन माझ्यासमोर बसायची आणि एवढंच विचारायची, "येईल का?"

मी म्हणायचे, "येईल."

चार वर्षं म्हटलं. ती पदरानं डोळे पुसून निघून जायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तिची रांगोळी असायची. वर्षभरात विस्कटत गेलेली ती बाई त्या एका शब्दानंतर महिनाभर तरी नीट केस विंचरून दिसायची. मला तिच्याकडे बघवायचं नाही.

मुजावर मॅडमनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. छातीची, पोटाची सोनोग्राफी, रक्त, बीपी. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, सगळं विचारलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "हे बघा, शरीरात हार्मोन कमी झालंय, ते थोडं बाहेरून द्यायचं. रोज दंडावर जेल चोळायचं आणि झोपताना एक गोळी. पिशवी आहे ना तुमची, म्हणून गोळी लागते. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण पाळी जाऊन सात वर्षं झालीयेत तुमची, रिपोर्ट चांगले आहेत. आणखी चार-पाच वर्षांनी आला असतात तर मी फार विचार केला असता."

"इतक्या उशिरा सुरू करून उपयोग होतो?"

"झोप लागेल," त्या म्हणाल्या. "अंगावरून गेलं तर लगेच फोन करायचा, घरी बसून राहायचं नाही. आणि दीड महिन्यानं मला भेटायचं."

झोप लागेल. बसमध्ये मी ते दोन शब्द मनात घोळवत आले. मिरज ते सांगली.

गौरी-गणपतीला मालूवन्सं आमच्याकडे मुक्कामाला होत्या. फ्रिजवर ठेवलेला खोका त्यांच्या नजरेतून सुटतोय कशाला? गौरी गेल्या त्या दिवशी दुपारी पानं पुसता पुसता विचारलं, "कसलं मलम आणलंयस?"

मी सांगितलं. ह्यांच्यासमोरच सांगितलं. हे वर्तमानपत्रात जास्तच डोकं घालून बसले.

"म्हणजे ते अंगातून तापणं, घाम, ते सगळं थांबणार?" वन्संनी विचारलं.

"थांबावं म्हणूनच घ्यायचंय."

"आणि अष्टमीला?"

पुसलेली पानं मी ताटात रचायला लागले.

"हेमा, आम्हालाही पाळ्या गेल्या. आम्ही नाही काढलं? मी पदरानं वारा घेत दोन बाळंतपणं उरकली लेकीची."

"तुम्ही काढलंत वन्सं. माझ्यानं नाही निघत."

"मग थोडं थांब. महिन्यावर तर आलीये अष्टमी. ती होऊ दे, मग चोळ काय चोळायचं ते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझं एक सोड. कुमुदला काय सांगणारेस? त्या बाईचं वर्ष निघतं त्या एका शब्दावर."

त्यांनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं. त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. हे वर्तमानपत्रातून म्हणाले, "मालूताई, अगं तिला झोप नाहीये." वन्सं म्हणाल्या, "तू गप्प बस, बायकांच्यात बोलू नकोस." ह्यांनी पान उलटलं.

मी खोका कपाटात ठेवला. महिनाभराचा तर प्रश्न, असं स्वतःला समजावलं. सात वर्षं काढली, एक महिना काय जड आहे?

सहा दिवस काढले. सातव्या दिवशी लायब्ररीत पाचवीतली एक चिमुरडी पुस्तक परत द्यायला आली. एक पान फाटलं होतं, तिनं ते चिकटपट्टीनं जोडून आणलं होतं. मी तिच्यावर अशी खेकसले की पोर थिजली. पुस्तक टेबलावर ठेवलं, आणि 'बाई, सॉरी' म्हणून मागच्या मागे सरकत दारापर्यंत गेली. मी खुर्चीत बसले, वाफ आली, गेली, दुसरी आली. मला स्वतःची किळस आली. घरी आले, चपला काढल्या, कपाट उघडलं आणि दंडावर जेल चोळलं. थंडगार लागलं. पितृपंधरवडा लागला होता. नवीन काही सुरू करू नये म्हणतात त्या दिवसांत, पण माझ्या डोक्यात तसलं काही उरलंच नव्हतं.

पहिला आठवडा काही नाही. छाती जरा जड वाटायची, बस्स. मग एका सकाळी डोळे उघडले तर समोरच्या भिंतीवर ऊन. आमच्या खोलीत भिंतीवर ऊन साडेसातनंतर येतं. पलंगाशी हे उभे, हातात चहाचा कप.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही. दोनदा हाक मारली."

"मग?"

"उठली नाहीस. म्हणून श्वास चालू आहे ना बघत होतो."

चहा गार झाला होता. मी तसाच प्याले, आणि त्या कपात तोंड घालून रडले. हे बिचारे शेजारी बसून राहिले. म्हणाले, "सुट्टी टाक आज, परत झोप." मी टाकली. परत झोपले.

त्यानंतरही एखादी वाफ यायची, पण विझत आलेल्या चुलीसारखी, उगाच जाणवेल इतकी. नावं आठवायला लागली. त्या पाचवीतल्या पोरीला वर्गात जाऊन भेटून आले. तिचं नाव आसावरी. आणि जसजसं मला बरं वाटायला लागलं तसतशी अष्टमीची धास्ती वाढायला लागली. कुमुद गल्लीत भेटायची. म्हणायची, "येते हं अष्टमीला." मी मान हलवायचे.

मनात एकच गोष्ट फिरत होती. वाफ गेली, म्हणजे देवी गेली. मग ती आधी तरी होती का? नव्हती, तर चार वर्षं त्या बाईला 'येईल' कोण म्हणत होतं? मीच. थकलेली, घामानं चिंब झालेली मी, लवकर सुटका व्हावी म्हणून.

अष्टमी उजाडली. संध्याकाळी कार्यालय बायकांनी भरलं होतं. उदाचा धूर, उकडीचा तो पांढराशुभ्र मुखवटा, वन्संनी रेखलेले डोळे. वन्संनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि घागर हातात दिली. "मनापासून फुंक," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात कुंकवाचं ताट तयार होतं.

मी फुंकायला लागले. घागर घुमत होती, बायका माझ्याभोवती फेर धरत होत्या. दहा मिनिटं. वीस मिनिटं. पायांना कळ लागली. घाम आला, पण तो साधा, नाचल्यावर येतो तो. बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, तोंड लाल होतंय का ते. होत नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "यंदा उशीर लावला."

खरं सांगते, करून दाखवावं असं मनात येऊन गेलं. काय अवघड होतं? सहा वर्षांचा सराव. अंबाडा सोडायचा, डोळे फिरवायचे, हात थरथरवायचे. सगळ्या खूश, वन्संची मान ताठ, कुमुद वर्षभर निवांत. मी एकदा डोळे मिटलेसुद्धा.

उघडले तर कुमुद समोर बसलेली. तिला दम निघाला नव्हता. नारळ मांडीवर, केस तसेच विस्कटलेले. डोळे खोल गेलेले, आणि त्यांच्याखाली ती काळी वर्तुळं. मी ती ओळखली. सात वर्षं माझ्या आरशात होती ती.

मी घागर खाली ठेवली आणि तिच्यासमोर फरशीवर बसले.

"कुमुद," मी म्हटलं, "आज कोणी आलेलं नाही. मीच आहे."

फेर थांबला. वन्सं माझ्या कानाशी वाकल्या. "हेमा, काय चालवलंयस? ऊठ."

"नाही वन्सं. मी औषध घेतेय. ते जे यायचं, ते वाफेनं यायचं. आता येत नाही." मग कुमुदला म्हटलं, "मी तुला चार वर्षं जे सांगितलं ते मी सांगितलं. सुजयचं मला काही माहीत नाही. मला माफ कर."

कुमुद उठून जाईल, नाहीतर थोबाडीत मारेल, असं मला वाटलं. मारली असती तरी चाललं असतं.

तिनं नारळ बाजूला ठेवला. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"दरवर्षी 'येईल' म्हणताना तू माझा हात दाबायचीस. देवी कशाला हात दाबेल? ते तूच." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "पण वर्षातनं एकदा का होईना, कुणीतरी तोंडानं म्हणायचं ते. घरात तर त्याचं नावही काढता येत नाही."

वन्सं ताट हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"यंदा मी त्याचं विचारायला नव्हतेच आले," कुमुद म्हणाली. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "गेले पंधरा-वीस दिवस तुला बघतेय. तुझ्या डोळ्यांखालचं काळं गेलं. परवा गिरणीत बाकावर बसल्या बसल्या घोरत होतीस. मी उभी राहून बघत होते. इतका हेवा वाटला मला तुझा हेमा, लेकुरवाळ्या बायकांचा नाही वाटत तेवढा." मग तिनं माझा हात धरला आणि एवढ्या बायकांत, दरवर्षीच्याच आवाजात विचारलं, "मला झोप येईल का गं?"

मी 'माहीत नाही' म्हणणार होते. खरं तेच होतं. तिचं वय माझ्याहून जास्त, तिचं दुखणं वेगळं. तिला माझं औषध चालेल की नाही, मला काय ठाऊक? पुढे तेच झालं. मुजावर मॅडमनी तिला तपासलं, बीपी फार होतं, म्हणाल्या तुम्हाला हे नको, आणि दुसऱ्याच गोळ्या सुरू केल्या. वर दर बुधवारी एका बाईंकडे बसून सुजयबद्दल बोलायला पाठवलं. त्याला वेळ लागला. पुष्कळ लागला.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी तिचा हात दाबला.

"सोमवारी मी मिरजेला चाललेय," मी म्हटलं. "सकाळच्या बसनं. चल माझ्याबरोबर."

"येते. पण आधी म्हण."

"येईल," मी म्हटलं.

वन्संनी ताट खाली ठेवलं. बायका हळूहळू दुसऱ्या घागरींकडे वळल्या. कोणीतरी एका तरुण सुनेच्या हातात माझी घागर दिली, आणि ती घुमायला लागली. वन्सं माझ्याशी पुढे दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. भाऊबीजेला बोलल्या, तेही ह्यांना ओवाळून झाल्यावर, स्वयंपाकघरात, पाठमोऱ्या उभ्या राहून. "त्या तुझ्या मिरजेच्या बाई," त्यांनी विचारलं, "अडुसष्ट वर्षांच्या बाईला बघतात का गं?"

याला आता नऊ वर्षं झाली. मी ते औषध पाच वर्षं घेतलं, मग मॅडमनी हळूहळू कमी करत बंद केलं. सुजय आलेला नाही. मी अष्टमीला कार्यालयात जात नाही. दुपारी कुमुद आमच्याकडे जेवायला येते, जेवण झालं की आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत चटईवर आडव्या होतो आणि पंखा लावतो. आधी तिलाच झोप लागते. ती घोरायला लागली की मी कूस बदलते.